पुसलेले ठिपके

प्रिय धाकट्या,

फोनच करणार होते. पण तू मध्येच भावोजींची बाजू घेतली असतीस आणि मी चिडून फोन आपटला असता. म्हणून लिहितेय. निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

मला तुझ्या भावोजींची किळस येते. भांडण वगैरे काही नाही. जेवताना ते बोटं चाटतात तेसुद्धा आता बघवत नाही, इतकी. आई म्हणते, संसारात चालायचंच. मला नाही चालत.

आमच्या कारखान्यातले कॅमेरे तू पाहिलेयस. विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड टिपणारे. तो उजेड इतका अंधूक, की आतला सेन्सर बर्फाहून कितीतरी गार ठेवावा लागतो. नाहीतर त्याच्याच उष्णतेने चित्रात पांढरे ठिपके उठतात. तू लहानपणी उन्हाळ्यात फ्रिजमध्ये डोकं घालून बसायचास, तसाच हा, असं मी लग्नानंतर ह्यांना सांगितलं होतं. पोट धरून हसले होते. तेव्हा मला ते आवडायचे.

यंदा सेन्सरच्या डबीचं सील गळायला लागलं. दमट हवा आत शिरते, काचेवर दव गोठतं आणि चित्रभर ठिपकेच ठिपके. डबी उघडायची, सुकवायची, पुन्हा बंद करायची, एवढाच त्यावर उपाय, आणि ते काम माझंच. पण माल पाठवायची घाई. ह्यांनी काय करावं? सॉफ्टवेअरच बदललं. एकटादुकटा ठिपका दिसला की पुसून टाकायचा. चित्र कसं लख्ख! मी म्हटलं, अहो, ठिणगीसुद्धा एकटा ठिपकाच असते, तीही पुसली जाईल. म्हणाले, माहितीय मला, तू फार डोकं चालवू नकोस. आणि शांतपणे चहात बिस्किट बुडवलं. 

काल खोकी गाडीत चढत होती, तेव्हा पत्ता वाचला. तुमच्याच वीज कंपनीचा. ह्यांना विचारलं तर म्हणाले, धाकट्यानेच शब्द टाकला, गुणी पोरगा आहे. बोलताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही रे. चालू तारांवर चढण्याआधी तुम्ही खालून हाच कॅमेरा लावून बघणार, कुठे ठिणगी उडतेय का. आणि आधी कोण चढतं, हे ह्यांना पक्कं ठाऊक आहे. तेव्हा चित्र कितीही स्वच्छ दिसो, त्याच्या भरवशावर चढू नकोस, कुणाला चढू देऊ नकोस. हे पत्र तुझ्या साहेबांना दाखव, बहिणीनेच लिहिलंय म्हणून सांग. माझं घर राहतं की मोडतं ते मी बघून घेईन. माळ्यावर चढायचास तेव्हा खाली शिडी धरून मी उभी असायचे. तिथे मी नाहीये. तू खालीच थांब.

तुझीच, तुला अजून भित्रट म्हणणारी,
ताई