नंदा मागं का बघते

३ डिसें. ९६, मंगळ
नंदा ५.५० ला आली. शाळा ५ ला सुटते, वाट दहा मिनिटांची. विचारलं की फुटबॉल म्हणते. कार्तिकातली कपिलधारची यात्रा करून आलो आणि चारच दिवसांत गव्हाणे सरांनी हिला मुलींच्या संघात घेतलं. नववीत हिच्याहून जोरात पळणाऱ्या दहा पोरी आहेत. सरांनी हिला पळताना कधी बघितलंच नव्हतं, हे तीच सांगते. मग हीच का?
आज ओट्यावर तांदूळ निवडत होते. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत चार वेळा मागं बघितलं तिनं. आधी डाव्या खांद्यावरून, मग उजव्या. मागं कुणी नव्हतं.
कुणी नव्हतं म्हणजे आधी कुणीतरी असणार.

६ डिसें.
नळावर घागर उचलायच्या आधी मागं बघते. भांडी घासताना ताट हातात घ्यायच्या आधी मागं बघते. शेजारच्या सुमनबाईंच्या नजरेतून काय सुटतंय. म्हणाल्या, "नंदाची मान लई फिरती ओ आजकाल. माझ्या नणंदेच्या पोरीची अशीच फिरायची. मग एक दिवस पोरगीच दिसंना."
उवा झाल्यात तिला, मी म्हणाले. खोटं बोलले. शिवा शिवा.
तिचे कॅनव्हासचे बूट बघितले. दिवाळीत घेतलेले, दहावीपर्यंत पुरवायचे ठरलेत. डाव्याचं टोक उसवलंय, उजवा कोरा. माणूस चालतो दोन्ही पायांनी. ही नेमकी काय करते?

९ डिसें., सोम
उपवास. पूजेत लक्ष नाही.
नंदा शाळेत गेल्यावर तिचं दप्तर नाही, पण जुनी वही बघितली. शेवटच्या पानावर ठिपके, ठिपक्यांना बाण. सगळे बाण एका रिकाम्या जागी जातात, तिथं ठिपका नाहीच. बाजूला लिहिलंय, "इथे."
जिथं कुणी नाही तिथं जायचंय कशाला? वही होती तशी ठेवली. तिला कळलं असेल का...

११ डिसें.
शाळेतून चिठ्ठी आली. औरंगाबादला आठ दिवस शिबिर, २१ पासून. जिल्ह्याच्या संघासाठी निवड. घरच्यांची सही २० च्या आत. आणि त्याच तोंडावर दिंद्रुडच्या पाहुण्यांचा निरोप, रविवारी २२ ला पोरगी बघायला येतो. लग्न दहावीनंतर, आत्ता नुसतं बघून ठेवू म्हणतात. दुकान चांगलं आहे त्यांचं. आज नाही म्हटलं तर परत विचारणार नाहीत.
ह्यांना दोन्ही सांगितलं. हे दुकानातून आलेले, पाय धुताना म्हणाले, "तूच ठरव. पोरगी तुझ्या नजरेखाली हाय. उद्या काही झालं तर मला सांगायला येऊ नको."
नजरेखाली. रोज संध्याकाळी पाऊण तास नसते, तेव्हा कुणाच्या नजरेखाली?

१३ डिसें.
न सांगता मैदानावर गेले. लिंबाखाली उभी राहिले, पदर डोक्यावरून पुढं ओढून.
नंदा मधोमध. समोरून तिच्या संघातली रेश्मा चेंडू मारते. नंदाच्या पाठीमागं सर उभे, हाताची बोटं वर करून. चेंडू वाटेत असताना नंदानं खांद्यावरून मागं बघितलं, "तीन" म्हणाली, चेंडू डाव्या पायानं घेतला आणि घेता घेताच वळली. परत. "एक." परत. "चार." अर्धा तास हेच. उजवा पाय लावला की चेंडू काढून घेतात, महिन्याभराची शिक्षा आहे म्हणे, डावा तयार होईपर्यंत. एकदा तिनं खाली बघितलं तर सर ओरडले, "पायाकडं काय बघती? पाय कुठं पळून जातोय का?" पोरी हसल्या. ती पण.
मान आणि बूट, दोन्ही समजलं. बरं वाटलं. पण हीच का, ते राहिलंच. सगळ्या गेल्यावर सरांना गाठलं, सरळ विचारलं. ते अवघडले.
"ताई, कपिलधारला मी पंगतीत बसलो होतो. तुमची पोरगी भात वाढत होती. माझा भात अर्धा झाला, तवाच तिनं वळून वरणवालीला मान हलवली. मी मागायच्या आत वरण समोर. पळणाऱ्या लई हायत. कुणाला कवा काय लागतंय ते आधी दिसणारी एकच हाय."
घरी येईपर्यंत मनात तेच. जेवायला बसलेला माणूस जेवतो, हा माझ्या पोरीची मान बघत बसला होता. आणि ते वाढणं तिला शिकवलं कुणी? मी. पळीकडे बघायचं नाही, पानाकडे बघायचं, आणि ह्या पानाकडे नाही, पुढच्या तिसऱ्या. आईनं मला शिकवलं, मी हिला.

१७ डिसें.
बीडला सामना. एस.टी.नं मीही गेले, दशम्या बांधून. सोडणार नव्हतेच एकटी.
पहिला अर्धा तास काही कळलं नाही. मग नंदानं चेंडू अशा जागी दिला की तिथं कुणीच नव्हतं. चुकली, मनात म्हणाले. तेवढ्यात कुठून तरी रेश्मा पळत तिथं आली, आणि गोल. वहीतलं "इथे" ते हे.
दुसराही तसाच. दोन-एकनं जिंकल्या. हार रेश्माच्या गळ्यात, फोटो रेश्माचा. नंदा मागच्या रांगेत, अर्धं तोंड झाकलेलं.
म्हणजे इथंही वाढपीच. सरांना फुकट राबणारी पोरगी पाहिजे होती, ती त्यांनी पंगतीत हेरली. परत येताना गाडीत विचारलं, तुला गोल मारू देत नाहीत का?
"मारता येतो की. पण देणं जमतं मला."
आयुष्यभर पंगती वाढल्या मी, म्हणाले, शेवटी बसते, भात गार झालेला असतो. तुला कोण विचारणार हाय?
ती खिडकीबाहेर बघत होती. वळली. "आई, मी दिला न्हाई तर रेश्मा नुसती पळत राहती. तिनं कुठं पळायचं ते मी ठरवते."
ठरवते म्हणाली. सहज, मीठ संपलंय म्हणावं तसं.

१९ डिसें.
शिबिराला एक बाईपण आहेत म्हणतात सर. मी निरोप पाठवला, त्यांना आधी घरी चहाला पाठवा. आल्या होत्या दु. ३ ला. साधी साडी, कमी बोलणाऱ्या. चहा बशीत ओतून प्यायल्या, घाई असल्यासारख्या. कसली घाई? मुली कुठं झोपतात, दाराला आतून कडी आहे का, सगळं विचारलं. आहे म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या. तो थांबा मला आवडला नाही.
दिंद्रुडला अजून उत्तर दिलेलं नाही. ह्यांनी आज दोनदा विचारलं, काय ठरवलं. हे कधी दोनदा विचारत नाहीत.
संध्याकाळी दिवा लावला, देव्हाऱ्यात विभूतीच्या डब्याखालची शिबिराची चिठ्ठी काढली. परत वाचली. न्हाणीत नंदा भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ. मी दारात उभी. पायाचा आवाज केला नव्हता, बांगड्याही वाजल्या नव्हत्या.
"पेन मापाच्या डब्यात हाय, आई," म्हणाली. हात थांबला नाही तिचा.
मान कधी वळवली होती, मला दिसलं नाही.
पेन काढला. शाई आहे का ते ह्या वहीवर बघतेय. आहे.