पुरीची तिकिटं

आई,

प्रवासासाठी भरलेली बॅग मी आज दुपारी परत पलंगाखाली सरकवली. वाकता येत नाही म्हणून पायानंच ढकलली, तर उजव्या गुडघ्यात अशी कळ आली की भिंत धरून उभी राहिले. तुझी पोरगी आता सासष्टची झाली, म्हणजे तू गेलीस तेव्हा होतीस त्यापेक्षा मोठी. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, नाश्त्यानंतर बीपीची, झोपताना गुडघ्याला तेल, आणि उठताना चक्कर आली तर आधी पलंगाच्या काठावर बसून राहायचं, असा सगळा कारभार आहे. मोठं दुखणं एकही नाही, बारीकसारीक सतरा. इथल्या नेपियर टाउनातले हाडांचे डॉक्टर मागच्या महिन्यात एक्स-रे बघून म्हणाले, "आंटी, जहाँ घूमना है, इसी ठंड में घूम आइए." त्यानंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरी आले आणि मुलाला म्हटलं, मला पुरीला ने, मला समुद्र बघायचाय.

तुझ्यासाठी, हे त्याला सांगितलं नाही. आपलं पुरीला जायचं ठरलं, तेव्हा बाबांना फॅक्टरीतून रिटायर व्हायला सहा महिने राहिले होते. एलटीसीच्या, म्हणजे सरकारी प्रवासखर्चाच्या फॉर्मवर ते दर वेळी आपलं गावच लिहीत, कारण रजा मिळाली की गावाकडं कोणाचं तरी लग्न नाही तर तेरवी असायचीच. सरकार सगळा देश दाखवायला तयार, आणि आपण काही वर्ध्याच्या पुढं सरकत नव्हतो. त्या शेवटच्या खेपेला तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. देव राहू द्या, म्हणालीस, मला समुद्र पाहायचा आहे. बाबांनी दुसऱ्याच दिवशी फॉर्मवर पुरी लिहिलं. तू बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून निळी नायलॉनची साडी आणलीस, ओली झाली तरी लवकर वाळते म्हणून. दशम्या केल्यास, तिळाची चटणी कुटलीस, पत्र्याचा डबा गच्च भरलास. आणि मी अठरा वर्षांची, मला लाज वाटत होती तुझी. गाडीत तू तो डबा उघडणार, शेजारच्या बाईला तुझ्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत घरची सगळी हकीकत सांगणार, हे मला आधीच दिसत होतं. शिवाय त्याच आठवड्यात कॉलेजच्या मुली भेडाघाटला सहलीला जाणार होत्या. निघायच्या दिवशी सकाळी मी पोट धरून अंथरुणात पडले.

तू स्वयंपाकघरातून आलीस, पदराला हात पुसलेस आणि माझ्या पोटावर बोटं दाबलीस. इथं दुखते का? हो. आणि इकडं डाव्या अंगाला? हो. उजवीकडं? हो. बरगडीखाली? तिथंही हो. मग तू हात तसाच ठेवून जरा वेळ बसून राहिलीस. मला वाटलं, तू घाबरलीस. बाबा दारात उभे होते. त्यांना म्हणालीस, "तिकिटं वापस करून या. समुद्र काही पळून नाही जात."

पुढचे तीन-चार दिवस घरात सगळे प्रवासाच्या दशम्या खाऊन राहिले होते आणि मला मुगाचं पाणी. चटणीचा वास नाकात जायचा, पण मागायची सोय नव्हती. भेडाघाटच्या दिवशी मी तयार होऊन उभी राहिले, म्हटलं आता बरं वाटतंय. तर तू वळूनही बघितलं नाहीस. पोट दुखते ना, मग पडून राह्य, एवढंच म्हणालीस. काळजी आहे हिला, असं मी इतकी वर्षं धरून चालले.

त्यानंतर बाबांना रजा मिळालीच नाही. ते रिटायर झाले, तुला शुगर निघाली, पाय सुजायला लागले. माझ्या लग्नानंतरची गोष्ट, मी माहेरी आले होते. तू गॅसपाशी उभी होतीस, मी खाली बसून मेथी निवडत होते. तू मध्येच विचारलंस, समुद्राचं पाणी सकाळी थंड असत असन का गं? आणि मी फटकन म्हणाले, मला काय माहीत, मी काय तिथं राहते? तू गॅस बारीक केलास आणि भाजी हलवत राहिलीस. त्या वाक्यासाठी अजूनही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पुढच्याच वर्षी तू गेलीस.

आज संध्याकाळची गाडी होती. मुलानं मला खालचा बर्थ बघून दिला होता, औषधांची वेगळी पिशवी केली होती, सूनबाईनं गुडघ्याचा पट्टा वरच ठेवला होता. दशम्या मी स्वतः केल्या, बसून बसून. आणि सकाळी नात पोट धरून पडली. सतरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की हिंदी. "आजी, पेट बहुत दुख रहा है," म्हणाली. मी तिच्याजवळ बसले आणि पोट दाबून बघितलं. इथं? हाँ. इकडं? हाँ. तिसऱ्या ठिकाणी हाँ, चौथ्या ठिकाणीही हाँ. उशीखाली तिचा मोबाइल थरथरत होता. माझा हात तसाच तिच्या पोटावर थांबला, आणि थांबला तेव्हा मला तुझा हात आठवला. खरं दुखणं एका जागी असतं. हे मला कळलं, तर तुला तेव्हा कळलं नसेल होय?

मुलगा दारात येऊन विचारायला लागला, काय करायचं. माझ्या तोंडून निघालं, जाऊ दे रे, समुद्र काय पळून जातो. त्यानं दोन मिनिटांत मोबाइलवरच तिकिटं रद्द केली.

एक शब्द बोलली असतीस ना, आई, तर मी उठून बसले असते. काहून बोलली नाहीस? दुपारभर हेच डोक्यात घोळतंय. मीही नातीला काही बोलले नाही, पण ते काही मन मोठं म्हणून नव्हे. चौथं हाँ ऐकल्यावर मला आधी हायसं वाटलं. रात्रीचा प्रवास, डब्यातला तो संडास, स्टेशनचे जिने, अनोळखी गावात चक्कर आली तर काय, या सगळ्याची मला आठवडाभर भीती वाटून राहिली होती. मग मी मनाला समजावलं की तुलाही तसंच वाटलं असेल. कधी कुठं न गेलेली बाई, मनातून घाबरली असेल, सुटले म्हणाली असेल. असं असतं तर माझं किती सोपं झालं असतं.

म्हणून बॅग ढकलण्याआधी तिच्यातून तुझी ती निळी साडी बाहेर काढली. तू ती एकदाही नेसली नाहीस. तिचा काठ समुद्रात भिजवून आणायचा, असं मी ठरवलं होतं. घडी मोडली आणि खालचा काठ उलटून बघितला. तू फॉल लावला होतास, हातानं, बारीक टाके घालून, त्याच निळ्या दोऱ्यानं, नेसून निघायला तयार.

तिकडं नात दशमी मागून राहिली आहे. मी गॅसवर मुगाचं पाणी ठेवलंय. हा कागद मी साडीच्याच घडीत ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवणार?

माझं पोट दुखत नव्हतं, आई.