लहान पेटारा

३ ऑक्टोबर
आले एकदाची! सायोला पाठीवर बांधून डोंगराचा चढ चढताना जीव मेटाकुटीला आला होता, पण घर पाहिलं आणि सगळा शीण उतरला. मागे बांबूचं बन आहे, त्यात चिमण्यांचा नुसता कलकलाट. गोष्टीतल्या जीभ कापलेल्या चिमणीचं घर याच बनात होतं म्हणे, लोक लांबून बघायला येतात. अंगणात उसवून धुतलेले, खळ दिलेले किमोनोचे तुकडे लांब फळ्यांवर वाळत होते. मालकीण ओकुनो-सान साठीच्या आहेत आणि फार गोड बोलतात. सहा वर्षांच्या पोरीसकट विधवेला कोण कामावर ठेवतं? त्यांनी ठेवलं.

आल्या आल्या त्यांनी वेताचे दोन पेटारे पुढे केले, एक मोठा, एक लहान. म्हणाल्या, घे गं, आमच्याकडची रीत आहे, नव्या बाईने एक निवडायचा. मला हसू आवरेना. गोष्टीतल्या चिमणीनेही म्हातारा-म्हातारीपुढे असेच दोन पेटारे ठेवले होते. लहानात सोनंनाणं, मोठ्यात भुतं, हे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. मी लहानच उचलला. त्या म्हणाल्या, शहाणी आहेस बाई, सगळ्या हाच घेतात. आत कोरा एप्रन आणि लाल फडक्यात गुंडाळलेली कात्री निघाली. माझी स्वतःची कात्री!

६ ऑक्टोबर
सकाळी भात शिजवून, घोटून, गाळून खळ करायची. मग किमोनो उसवायचे, धुवायचे, तुकडे फळीवर ताणून वरून खळ फिरवायची. काम आवडलं. कात्रीला रोज धार लाव, असं ओकुनो-साननी बजावलंय, म्हणून मी लावते. खळीचं बोट तोंडात घालायचं नाही, हा इथला एकच नियम. म्हातारीने चिमणीची जीभ कापली ती खळ चाटली म्हणूनच, तेव्हा गमतीने असेल.

बाकीच्या तिघी जणी अवाक्षर बोलत नाहीत. मी एकटीच टकळी चालवते. तोमे म्हणून एक आहे, तिला गाव विचारलं तर ओठ मिटून नुसती हसली. सायो म्हणते, आई, इथली चिमणी तूच. हिवाळ्यात तिला अक्षरं शिकवायची ठरवलंय.

११ ऑक्टोबर
जेवायला सातूची पातळ पेज आणि मुळ्याच्या दोन फोडी. पांढरा भात सगळा खळीत जातो. सायो दुपारी भुकेने रडली. ओकुनो-सानना घासभर जास्त मागितलं, तर तिचा गाल कुरवाळत म्हणाल्या, भूक लागली का गं माझ्या सोन्याला? दिलं मात्र काही नाही. थोड्या वेळाने खळीचं पातेलं त्यांनी स्वतः उचललं आणि सायो बसते त्या पायरीवर आणून ठेवलं. तिकडे वारा लागतो म्हणे.

मला ते आवडलं नाही.

१४ ऑक्टोबर
तोमेला ठसका लागला. खोकताना तोंड उघडलं.

आत जीभ नाही.

बाकीच्या दोघींनी माना खाली घातल्या. मी हात जोडून म्हटलं, आम्हाला जाऊ द्या. ओकुनो-सान म्हणाल्या, अगं, आत्ता तर आलीस, असं काय करतेस? फाटकाला कुलूप आहे. किल्ली कुठे ते कुणाला माहीत नाही. सायोला क्षणभरही दूर सोडायचं नाही.

१५ ऑक्टोबर
फक्त फळी उचलायला वळले होते. सायोच्या ओठांवर खळ. दारात ओकुनो-सान. कुणी खाल्ली, एवढंच विचारलं. सायो माझ्यामागे दडली. मी म्हटलं, मी खाल्ली.

त्या हसल्या. म्हणाल्या, बरं. तुझीच कात्री आण.

तारीख माहीत नाही
मला कोठीत कोंडलंय. ताप. तोमे पेज ठेवून जाते, वर बघत नाही. वही कमरेच्या पट्ट्यात होती म्हणून राहिली. लिहिता येतं, तेवढंच उरलं.

सायो सुखरूप आहे. एवढ्यासाठी जीभ गेली तर गेली.

मोठा पेटारा इथेच होता. उघडला. तांदूळ, सुके मासे, लहान मुलाचा कापूस भरलेला कोट. आणि फाटकाची किल्ली.

किल्ली उचलली तोच त्या आल्या. माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, मी कुणाला फसवलं नाही गं. तीस वर्षं दोन्ही पुढे ठेवतेय. एकीनेही मोठा घेतला नाही.

सकाळ
गजांतून अंगण दिसतं. सायो एकटीच आहे. आई गावाला गेली, असं ओकुनो-सान तिला सांगत होत्या, मी ऐकलं. कोठीत काहीतरी राहतं, जवळ जाऊ नकोस, असंही.

पातेलं पायरीवर आहे. तोंडावरचं झाकण काढलेलं. वाफ येते आहे. दाराआड ओकुनो-सानची सावली—

मी हाक मारली. भलताच आवाज निघाला. सायोने खिडकीकडे पाहिलं आणि किंचाळली. मला घाबरली ती. मागे सरकली, पातेल्याला टेकली.

कागदावर मोठ्ठं लिहून गजांबाहेर धरलं. तिला वाचता येत नाही. मीच म्हटलं होतं, हिवाळ्यात—

पुन्हा हाक मारली तर आणखी घाबरेल. नाही मारली तर—

पातेल्यात बघते आहे. बोट बुडवलं.

सायो, नको. फडक्याला पूस. एप्रनला पूस. तोंडात नको घालूस, सायो, माझी बाय, नको, न—