मोरीखालचं लेकरू

शनिवार, १२ एप्रिल

पोचलो एकदाचे स्कूरा गावाला. घाटात अब्लाला सारखी गाडी लागत होती, आणि तरी ती आम्हालाच नाजूक म्हणत होती. मैत्रिणींबरोबर घराबाहेर राहायची ही माझी पहिलीच खेप. बाबांचा साफ नकार होता. शेवटी नुहैलाची आई, म्हणजे फातना खाला, आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझी पोरगी बरोबर आहे ना, मग काळजी कसली. नुहैला आमच्या शेजारची. लहानपणापासून माझ्या वाटचा ओरडा खात आलेली. अब्ला कॉलेजातली, हुशार, आणि तोंडाने फटकळ.

घर मातीचं, आत मस्त गारवा. मागे खजुराची बाग. मालकीण लल्ला तामो समोरच राहते. तिने किल्ली दिली, ओंजळभर बदाम दिले आणि स्वयंपाकघरातली मोरी दाखवली. जमिनीत नुसतं एक भोक, वर जाळीसुद्धा नाही. कढत पाणी ओतायचं तर आधी बिस्मिल्ला म्हणा आणि जरा थांबा, खालच्यांना, म्हणजे मोरीखाली राहणाऱ्या जिनांना, आपली लेकरं उचलून बाजूला व्हायला वेळ द्या, असं तिने बजावलं. घरी काझा शहरात आमची आईही हेच करते, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. खालचे घरभाडं देतात का, असं अब्लाने विचारलं. नुहैलाने तिला कोपराने ढोसलं.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी बागेतून भटकलो, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलो, भरपूर हसलो. दुपारी मॅकरोनी केली. पाणी गाळायला मी पातेलं उचललं. अब्ला दारातून बघत होती. आता खालच्यांना निरोप धाडणार वाटतं आमची वियाम, असं ती म्हणाली.

घरी बिस्मिल्ला माझ्या ओठांवर आपोआप येतं. आजही आलं होतं. मी ते गिळलं. अब्लाच्या डोळ्यांत गावंढळ दिसायचं नव्हतं, एवढंच कारण. हसत हसत सगळं उकळतं पाणी एकदम ओतलं.

भोकातून आवाज आला. मांजराच्या पिल्लावर पाय पडावा तसा. नळीत हवा अडकली असेल, असं अब्ला म्हणाली. मीही हो म्हटलं. जेवण मात्र गेलं नाही.

सोमवार, १४ एप्रिल

नुहैलाचा उजवा हात लाल झालाय, मनगटापासून कोपरापर्यंत फोड. काल माझ्यामागून भांडी तिने घासली होती, थंड पाण्याने. दवाखान्यातल्या डॉक्टरने बघताक्षणी सांगितलं, कढत पाण्याने भाजलंय. मलम दिलं.

लल्ला तामोने हात पाहिला. मग तिने मोरीकडे पाहिलं.

"पाणी कोणी ओतलं, पोरींनो?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"मी ओतलं, लल्ला," नुहैला म्हणाली.

मग मी ते मिटलं. ज्याने ओतलं त्यानेच मोरीपाशी बसायचं, असं लल्ला तामो म्हणाली. भर दुपारी, बिनमिठाचा कुसकुस ठेवून, आपल्या तोंडाने माफी मागायची. खालचे मिठाला शिवत नाहीत. आणि दुसऱ्याने मागितलेली माफी चालत नाही. जिचं पोर भाजलंय तिला ती थट्टा वाटते.

ती गेल्यावर मी नुहैलाला बाजूला घेतलं. ती उलट मलाच समजावू लागली.

"अगं, तुझ्या बाबांच्या कानावर गेलं तर तुला पुन्हा कुठे पाठवतील का? आणि हात माझाच भाजलाय. मागते मीच माफी, हाय काय नि नाय काय."

मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

मंगळवार, १५ एप्रिल

कुसकुस मी शिजवला. तेवढंच केलं. नुहैला मोरीपाशी बसली आणि माझं पाप स्वतःच्या नावावर घेऊन माफी मागितली. मी दाराआड उभी होते.

संध्याकाळपर्यंत फोड गळ्यापर्यंत चढले. अंगात ताप. अब्लाची थट्टा बंद झालीय, ती कोपऱ्यात रडतेय. परत जायला गाडी ठरवलीय, उद्या दुपारची.

लल्ला तामोने पुन्हा विचारलं, नक्की हिनेच ओतलं ना? मी हो म्हणून मान हलवली. भीती बाबांची नाही. मी ओतलं असं म्हटलं तर ते माझ्या अंगावर येईल, ही भीती. मी अशी आहे, हे मला माहीत नव्हतं.

बुधवार, सकाळ

नुहैला बरी झाली.

हात स्वच्छ. एक डागही नाही. उठली, वेणी घातली, अब्लाला हाक मारली. अब्ला तिच्या गळ्यात पडली.

नाश्त्याला ऑलिव्ह तोंडात घेतलं आणि थुंकलं. खारट म्हणाली. मग ब्रेडही बाजूला सारला. कालचा बिनमिठाचा कुसकुस— तोच खाल्ला, मुठीने, सगळा.

माझ्याकडे बघून हसली. नुहैला तशी हसत नाही.

दुपार

मी मोरीपाशी गेले. शेवटी गेले. गुडघे टेकले, म्हटलं, मी ओतलं. तिने नाही, मी.

खालून नुहैला बोलली.

"वियाम, इथे फार गरम आहे गं. हात दे."

भोक एवढंसं. माझा हात कोपरापर्यंत सहज गेला असता. बोटं दिसली— तिचीच, फोड आलेली—

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मी हात दिला नाही.

गाडीत

अब्ला झोपलीय. नुहैलाच्या रूपातली ती माझ्या शेजारी. तिच्या मांडीवर शाल गुंडाळलेली, ती शालीला थोपटतेय. शाल हलते—

मला सगळं वाचता येतं, म्हणाली. लिही, खुशाल लिही.

परत फिरायला सांगू का ड्रायव्हरला. अजून घाट आला नाही. अजून—

फोन वाजला. फातना खाला. माझ्या शेजारची तीच बोलली आधी, गोड, अगदी नुहैलाच्या आवाजात. आता फोन माझ्या कानाला लावून धरलाय.

खाला विचारतेय, खरं सांग, माझी पोरगी बरी आहे ना, बरोबर आहे ना तुझ्या.

मी म्हटलं—