आईच्या नावाला उत्तर कोण देणार

मी, यामांदू ओलिवेरा, वय पंचवीस, मूळ राहणार मोन्तेविदेओ, कुर्तिदोरेस फुटबॉल क्लबच्या लाकडी स्टँडखालच्या दोन खोल्या, सध्या ‘सान्ता रुफिना’ या मासेमारी जहाजावर खलाशी, आज दुपारचं जेवण झाल्यावर हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. प्यायलेलो नाही. कोणी धाक घातलेला नाही. उजव्या हाताची दोन बोटं गळाचा आकडा लागून सुजली आहेत म्हणून अक्षर असं आलं आहे. पण ती धड असती तरी फार फरक पडला नसता, कारण सहावीच्या पुढे मी शाळेत टिकलो नाही. आमचा आचारी ओसिरिस शेजारी बसून चुका दाखवतो आहे. त्याने शब्दांच्या तेवढ्याच दाखवाव्यात असं ठरलं आहे.

हे आत्ताच का लिहितो ते सांगतो. मंगळवारी आमच्यातला एउसेबियो ममानी, पेरूचा, चाळिशीचा माणूस, जाळ्याजवळून लाटेबरोबर गेला. दुसऱ्या सकाळी मुकादमाने नेहमीसारखी डेकवर यादी वाचली. सवयीने त्याने ‘ममानी’ असंही वाचलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. मुकादम म्हणाला, “माफ करा,” आणि पेन्सिलीने रेघ मारली. संध्याकाळी कप्तानाने सांगितलं, ज्याला काही लिहून ठेवायचं असेल त्याने ठेवा, समुद्रावर माझ्यासमोर लिहिलेलं चालतं. बाकीच्यांनी एक एक कागद घेतला. मी चार घेतले.

कलम पहिले. घर. घर माझ्याकडे नाही. ज्या दोन खोल्यांत मी वाढलो त्या क्लबच्या आहेत, आणि क्लबचे मैदान सांभाळणारे म्हणून माझे वडील एल्बियो ओलिवेरा तिथे राहतात. त्यांच्या आधी आजोबा राहत होते. रविवारी सामना असला की वरच्या फळ्यांतून भुईमुगाची टरफलं आमच्या पातेल्यात पडायची, म्हणून आमच्याकडे रविवारी झाकण ठेवून स्वयंपाक व्हायचा. गोल झाला की दिवा हलायचा. दिवा किती हलतो त्यावरून आई सांगायची, आपला झाला की त्यांचा. तिने आयुष्यात एकही सामना वर जाऊन बघितला नाही. त्या घरातलं मला काही देता येत नाही, म्हणून ते लिहून ठेवलं एवढंच.

कलम दुसरे. जहाजावरचे सामान. माझा रबरी कोट आणि मासे चिरायची सुरी ज्याला बसेल, चालेल, त्याने घ्यावी. ‘माते’ हा आमच्याकडचा चहा प्यायचा भोपळा आणि थर्मास ओसिरिसला द्यावा. ओसिरिस दार्सेना क्लबचा सभासद आहे, म्हणजे ओढ्यापलीकडचा, म्हणजे लहानपणी मी ज्यांना दगड मारले त्यांच्यातला. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तुझ्या भोपळ्याला कातड्याचा वास येतो रे.” मी म्हटलं, “म्हणून तर चहाला चव आहे.” तेव्हा भोपळा त्याचाच.

कलम तिसरे. तपकिरी शर्ट. ओसिरिसच्या मावशीकडे माझी एक पेटी आहे, तिच्यात पणजोबांचा शर्ट आहे. आमचा क्लब १९२१ साली कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. शर्ट पांढरे ठरले होते. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी धुऊन दोरीवर टाकले, वारा सुटला, आणि पाच शर्ट झाडाच्या साली भिजवलेल्या हौदात पडले. ते पाच काही केल्या पांढरे होईनात. मग कारखान्याच्या मुकादमाच्या बायकोने उरलेले सहाही आपल्या हाताने हौदात बुचकळले. तेव्हापासून आपण तपकिरी. आणि तेव्हापासून प्रत्येक परक्या मैदानात आपल्या पोरांना बघून लोक नाक धरतात. पणजोबांच्या काळी आपली माणसं त्यावर भांडायची. आजोबांच्या काळी ती स्वतःच नाक धरून मैदानात शिरायला लागली. शर्ट क्लबच्या दिवाणखान्यात लावावा. नाव लावायचं तर पणजोबांचं लावावं. माझं नको, त्यावरून पुन्हा सभा बोलवावी लागेल.

कलम चौथे. साठवलेले पैसे. जहाजाच्या कचेरीकडे माझा जो पगार जमा आहे त्यातून क्लबसाठी नवा भोंगा आणि मायक्रोफोन घ्यावा. जुन्या भोंग्यातून प्रत्येक नाव डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं. वर्षातल्या पहिल्या घरच्या सामन्याआधी गेलेल्या सभासदांची नावं वाचली जातात, निदान ती तरी स्वच्छ ऐकू यावीत. भोंगा कोणी दिला हे सांगायची गरज नाही.

कलम पाचवे. राग. हा कोणाला देऊन जाता येत नाही असं ओसिरिस म्हणतो, पण माझ्याकडे सगळ्यात जास्त तोच साठला आहे, म्हणून लिहितो.

मी दोन दिवसांचा असताना वडिलांनी मला क्लबचा सभासद केलं. क्रमांक ३३०६. चार वर्षांपूर्वी मला कुठेच काम टिकेना. बेकरी, गोदाम, बस धुणं, सगळीकडून मी स्वतःच उठून आलो. एका जागी माझ्या पायाला मुंग्या येतात. जहाजावर माणसं भरणारा दलाल दार्सेनाचा. तो आपल्या क्लबचं कार्ड असलेल्यांनाच घ्यायचा. मी कार्ड घेतलं. कुर्तिदोरेसच्या घटनेच्या एकोणिसाव्या कलमात लिहिलं आहे की दार्सेनाचं कार्ड घेईल त्याचं नाव कमी करावं. मला माहीत होतं. मला वाटलं, कळणार नाही.

कळलं. सभा भरली. ठराव मांडला गुआल्बेर्तो मोरेइरा यांनी, पूर्वीचे बस ड्रायव्हर, आता स्टँडच्या चौथ्या पायरीवरचे. त्यांचा आवाज एवढा मोठा की पंच शिटी वाजवायच्या आधी त्यांच्याकडे बघतात.

“कार्ड काढ खिशातून, पोरा.”

“काढलं. काय करायचंय?”

“वास घे त्याचा. आपला येतो का?”

सगळे हसले. मीसुद्धा हसलो, खोटं कशाला सांगू.

“काका, पोटासाठी घेतलंय. मनात तपकिरीच आहे.”

“मनात काय आहे ते डॉक्टरला दाखव. इथे कार्ड बघतात.”

मतं पडली. एकतीस माझ्या बाजूने, एकतीस विरुद्ध. मग अध्यक्षांच्या लक्षात आलं की कोपऱ्यात पाणी गरम करणारे एल्बियोसुद्धा सभासद आहेत. “एल्बियो, तुमचं राहिलं.” माझे वडील सकाळपासून मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होते. त्यांनी हात वर केला, विरुद्ध बाजूने. तळवा पांढराफटक होता, तो मला अजून दिसतो. रात्रीच्या जेवणाला ते एवढंच म्हणाले, “लिहिलंय म्हणजे लिहिलंय.” आणि मी निघालो तेव्हा स्वतःची लोकरीची टोपी माझ्या पिशवीत कोंबली.

गुआल्बेर्तो काकांवरचा माझा राग मी सोडतो आहे, पण फुकट नाही. पुढचं कलम बघावं.

कलम सहावे. हे मुख्य आहे. बाकीची हरवली तरी चालतील.

नावं वाचण्याची आपली रीत अशी की भोंग्यावरून नाव आलं की त्या माणसाच्या घरच्यांपैकी कोणीतरी स्टँडमधून ‘हजर’ म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी. घरचं कोणी बोललं नाही तर बाकीचे बोलत नाहीत; वाचणारा तीन मोजतो आणि पुढे जातो. नावं माझे वडील वाचतात. म्हणून माझी आई नेलिदा ओलिवेरा, मृत्यू सप्टेंबर २००१, हिच्या नावाला मी उत्तर द्यायचो. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून. शाळेत माझ्या नावाला कधी उत्तर मिळालं नसेल, पण इथे एकही वर्ष चुकलं नाही. नाव कमी झालं तसा मी स्टँडमध्ये जाऊ शकत नाही. आमच्या घरात तिसरं माणूस नाही.

या मार्चमध्ये आमचं जहाज बंदरात होतं. मी सामन्याला गेलो आणि ओढ्याकडच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. वडिलांनी आईचं नाव वाचलं. ते एरवी तीन मोजतात. त्या दिवशी मी मोजलं, नऊ झाले. माझं तोंड उघडं होतं. कुंपणाबाहेरून ओरडायला कोणतंच कलम आडवं येत नव्हतं. पण आतल्या लोकांनी वळून बघितलं तर, या विचाराने आवाज फुटला नाही. मग भोंग्यातून पाणी प्यायल्याचा आवाज आला आणि पुढचं नाव आलं.

म्हणून: मी परत आलो नाही तर माझ्या आईच्या नावाला उत्तर देण्याचा हक्क मी गुआल्बेर्तो मोरेइरा यांना देतो. त्यांनी तो नाकारू नये. त्यांच्या पहिल्या उच्चारात ओढ्यापलीकडे कुत्री भुंकतात, आणि आईने आयुष्यभर फळ्यांखालून त्यांचाच आवाज सगळ्यात जास्त ऐकला आहे. “आज गुआल्बेर्तोचा घसा बसलाय, काढा पाठवू का?” असं ती विचारायची. दोनदा पाठवलाही होता. त्यांना आठवत असेल. एवढं केलं की आमचं भांडण मिटलं.

कलम सातवे. हे वेगळ्या कागदावर आहे. कप्तानाने पाकीट बंद करून फक्त माझ्या वडिलांच्या हातात द्यावे. क्लबसमोर वाचू नये.

बाबा,

१९६४ साली शेवटच्या मिनिटाला समोरच्यांचा चेंडू ओढ्याकडच्या गोलच्या डाव्या खांबाला लागून परत आला आणि आपण वरच्या वर्गात गेलो, नऊ वर्षं तिथे राहिलो, हे तुम्ही मला गोष्ट म्हणून सांगायचा. लोखंडी गोल आले तेव्हा लाकडी खांब मागच्या खोलीत ठेवले, आणि डावा दिवाणखान्यात लावायचा असं ठरलं. तुम्ही त्याच्यावर खडूने खूण केली. मग तो कडाक्याच्या थंडीचा ऑगस्ट आला. लाकडं ओली होती, आई खोकत होती. तुम्ही उजवा खांब म्हणून करवत घेतली. खूण दमटपणाने पुसली होती.

मी झोपलो नव्हतो, बाबा. अर्धा जळल्यावर तुम्हाला आजोबांनी डाव्या खांबाला टोपी अडकवायला मारलेला खिळा दिसला. तुम्ही थांबलात. किती वेळ करवत हातात धरून उभे होतात. मग आतून खोकल्याची उबळ आली, आणि तुम्ही उरलेलाही कापलात.

गेली तेरा वर्षं सगळा क्लब सामन्याआधी दिवाणखान्यात जाऊन भलत्याच खांबाला टकटक करतो. गुआल्बेर्तो काका तर कपाळ टेकवतात. सभेच्या दिवशी तुमचा हात वर गेला तेव्हा हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बोललो नाही. आता बोलायचं कारण दुसरं आहे. खिळा असलेला तुकडा मी तेव्हा राखेतून उचलला होता, वीतभर आहे. तो इथे माझ्या उशीखाली असतो. रोज डेकवर जाताना मी त्याला बोटांनी ठोकतो. तो तुम्हाला परत करतो आहे. दिवाणखान्यात लावा, चुलीत घाला, तुमचं तुम्ही ठरवा. जाळलात तेव्हा चूक केली असं मला एक दिवसही वाटलेलं नाही.

कमी केलेल्या सभासदाचं नाव वाचत नाहीत. लिहिलंय म्हणजे लिहिलंय. वाचू नका. फक्त आईचं नाव झालं, गुआल्बेर्तो काकांचा आवाज आला, सगळे बोलले, की पुढच्या नावाआधी जरा थांबा. तीन मोजले तरी पुरे. लोकांना वाटेल पाणी पिताय.

कलम आठवे आणि शेवटचे. कप्तान म्हणतो की जमिनीवर पाय ठेवल्यावर नव्वद दिवसांनी असं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. जहाज जानेवारीच्या शेवटी बंदराला लागेल. पहिला घरचा सामना त्या नव्वद दिवसांत येतो. मी धडधाकट उतरलो तर कलम सहा लागू नाही. ते काम मी करीन. कुंपणाबाहेरून करीन, आणि वळून बघणाऱ्यांनी खुशाल बघावं.

वर लिहिलेलं सगळं माझं आहे. ओसिरिसने सात ठिकाणी अक्षर दुरुस्त केलं, एका ठिकाणी रडू नकोस म्हणाला. ते सर्दीचं होतं.

सही: यामांदू ओलिवेरा, पूर्वीचा सभासद क्रमांक ३३०६

साक्षीदार १: ओसिरिस बेंतांकूर, आचारी. (दार्सेनाचा सभासद. तरी साक्ष खरी.)

साक्षीदार २: हेनारो विल्का, खलाशी. अंगठा.

‘सान्ता रुफिना’, दक्षिण अटलांटिक, ९ नोव्हेंबर २०१४, दुपारी साडेतीन.

कप्तानाचा शेरा: कलम सात सोडून सर्व मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. नियमाप्रमाणे लिहून देणाऱ्याचे नाव पुकारले. पहिल्यांदा उत्तर आले नाही. मी थांबलो. मग आले: हजर.