पायन्याचे पाचशे

अकोला, १६ एप्रिल २०२५

आदरणीय प्रियदर्शनीताईले,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू माहा नंबर ब्लॉक केला म्हनून पोस्टातून आंतरदेशीय पत्र आनलं. पोस्टातल्या बाईनं तीनदा इचारलं का नक्की हेच पाह्यजे काय. आता कागदाले ब्लॉक करून दाखव.

परवा रैवारी मी माही गाडी अमरावतीले मामाच्या गॅरेजवर आनली. चालता चालता बंद पडे. मामानं कान लावून फुकट सांगतलं असतं. पन तू मधात आली, तुहं थे तपासनीचं मशीन लावलं, अर्धा तास गाडी हिंडवून आनली अन् म्हनली का ठिनगी देनारी कॉइल गेली, तपासनीचे पाचशे. रिपेर तं काहीच नाही, नुसते पायन्याचे पाचशे! डाक्टर कमीत कमी गोयी तं देते.

मंग मी एवढंच म्हनलं का उद्या तुले पाहाले पाव्हने आले तं मामानं दारातच पाचशे-पाचशे घ्यावं. मागं उभे असलेले दोन गिऱ्हाइक हासत हासत निंगून गेले, त्यात माहा काय दोष? अन् पैसे तं देल्ले ना मी, दात खाऊन का होईना.

राग थुकून टाक. मामीच्या हातच्या पुरनाच्या मांड्यावरचा माहा हक्क तेवढा शाबूत ठेव.

तुहा सच्चा भाऊ,
अश्विन

*

अमरावती, २१ एप्रिल

चि. अश्विनले,
जयभीम, अन् लांबूनच एक चापट.

आत्याची तब्येत बरी असन. तुयी नाही इचारत, थे नेहमीच बरी असते.

आता आईक. बाबांनं तीस वर्सं गाडीचा दोष फुकट सांगतला. लोकं ऐकून घेत अन् पार्ट बाजूच्या गल्लीत सस्त्यात बसवून घेत. म्हनून कोर्स करून आल्यावर मी टेबल टाकलं, 'तपासनीचे पाचशे' अशी पाटी लावली. बाबांची अट हाय का बुद्धपौर्णिमेपावतर दहा जनांनं राजीखुशीनं पैसे देल्ले तं पाटी राहीन. नाही तं पाटी खाली, अन् मी नागपूरच्या शोरूममधी नोकरीले. मले जाचं नाही रे. तठी दिवसभर बिलं छापा लागतीन. अठी गाडी हातात येते. सात झाले. दात खाऊन देल्लेले बाबा मोजत नाहीत, म्हनून तू आठवा नाही.

अन् मी हिंडाले नव्हती गेली. मशीन एवढंच सांगते का तिसरा सिलेंडर ठोका चुकून राहिला. काहून, थे नाही सांगत. गाडी तापवली, बडनेरा रोडनं पळवली, तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर बसवली, तं दुसरा चुकाले लागला. तवा समजलं. तुया अकोल्याच्या मिस्त्रीनं गाडीतला पेट्रोलचा पंप बदल म्हनून सांगतलं व्हतं ना? बदलला असता तरी गाडी बंदच पडली असती.

माही माया पाह्यजे असन तं जरा सुधर.

तुही,
ताई

*

अकोला, २ मे

आ. ताईले,
जयभीम. तुही चापट पोचली.

मी पुराव्याबिगर काही मानत नसतो. मंगळवारी लाल गाडी घेऊन प्रीतम नावाचा बुजरा मानूस आल्ता का नाही? थो माहाच दोस्त. त्याच्या गाडीतला एक सेन्सरचा प्लग मी हातानं ढिला केला व्हता. म्हनलं, पाहू, ताई इंजिन गेलं म्हनते काय. तू दहा मिनिटात प्लग दाबला, पाचशे घेतले, अन् पावतीवर लिहून देल्लं का हे हातानं काढलेलं हाय, काढनाऱ्याले जयभीम सांगा. आता प्रीतम मायाकडून पाचशे मांगून राहिला.

थे जाऊ दे. माया कूलर रिपेरीच्या धंद्यावर काय बेतलं थे आईक. पारा चव्वेचाळीसवर, कूलरचे फोनावर फोन. बार्शीटाकळीच्या इंदूबाईचा कूलर पानी फेकेना. भर उन्हात गाडी घेऊन गेलो. बाईनं पंप बदल म्हनून धोशा लावला. मी म्हनलं थांबा. तासभर टिनाच्या छपरावर बसून वायरचा इंच-इंच तपासला. खारीनं खिडकीपाशी कुरतडली व्हती. टेप लावली, पानी सुरू. अन् बाई म्हने का केलं काय तू, नुसतं तं पायलं! च्या पाजून वाटंले लावलं. अवं पन थे पायन्याले आठ वर्सं लागतात ना! पंप बदलला असता तं हजार रुपये खुशीनं देल्ले असते तिनं. खरं सांगतलं तं काहीच नाही. लय जीव जळला, ताई. तूच सांग, हा न्याय हाय काय?

उत्तर लवकर लिहजो.

तुहा तापलेला भाऊ,
अश्विन

*

अमरावती, ७ मे

चि. अश्विनले, जयभीम.

तुया कूलरचं पत्र बाबांले मोठ्यानं वाचून दाखवलं. मी माया पदरचं एक अक्षर टाकलं नाही. बाबांले एवढं हासू आलं का चष्मा ऑइलच्या ट्रेत पडला. तू तुहं पत्र पुन्हा एकडाव वाच, सावकाश, अन् कूलरच्या जागी गाडी वाच.

प्रीतमचे पैसे वापस भेटनार नाहीत. दोष खोटा व्हता, शोधनं खरं व्हतं. पन बाबा त्याले बी मोजत नाहीत, म्हनतात ह्यो भाच्याचा मानूस.

नऊ झाले. पाच दिवस उरले. नागपूरवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला. बॅग अजून माळ्यावरच हाय, मी तिकडं पाहात बी नाही.

आत्याले सांगजो, काळजी करू नोको म्हना.

तुही,
ताई

*

अमरावती, १३ मे

चि. अश्विनले,
मामाचा जयभीम.

मले पत्राची सवय नाही. बिलाच्या पाठीवर लिहून राहिलो, चालवून घे.

धारनीहून एक जीप आली. चढावर खडखड वाजे, गॅरेजात मुकाट. तीन दिवस कान लावून बसलो, काही हाती लागेना. पोट्टीले इचारावं तं इज्जत जाते. काल पौर्निमेले सकाळीच जीपवाला चाबी मांगाले आला. मंग गेलो तिच्या टेबलापाशी. तिनं मशीनले हात बी नाही लावला. जीपवाल्याले एवढंच इचारलं का वाजते तवा जीपीत मानसं किती असतात. थो म्हने, दहा-बारा.

तिनं पानठेल्यावरचे सात जन, शेजारची जमुनाबाई, मी अन् तुही मामी, सारे जीपीत कोंबले. मामी विहारात निंगाली व्हती, पांढरं लुगडं अन् मांडीवर खिरीनं भरलेलं गंज. छत्री तलावाच्या चढावर भरली जीप वाजली. मानसाच्या वज्यानं सायलेन्सरचा पाइप चेसीले घासत व्हता. रिकाम्या जीपीत तठी बोटभर जागा राहे, मले दिसन कसं? मामीच्या लुगड्यावर खीर सांडली, थे येगळं.

जीपवाला म्हने, पायन्याचे मी देत नसतो, कामाचे घ्या. म्हंजे नऊच. पोट्टीनं पेचकस घेतला अन् पाटीचा पहिला स्क्रू ढिला कराले लागली.

मले राहावलं नाही. तीन दिवसात मले नाही सापडलं थे तिनं तासाभरात दाखवलं. खिशातून पाचशे काढून तिच्या टेबलावर ठेवले. पन तीस वर्साची सवय, तोंडातून निंगूनच गेलं का काही कमी होत नाही काय. तिनं पेचकसानंच पाटीकडं दाखवलं, अन् पावती फाडली.

नागपूरवाल्याले तिनं नाही म्हनून कळवलं. तू केवाबी ये, मांडे भेटतीन.

तुहा मामा,
मोतीराम
(गिऱ्हाइक नंबर दहा)