सूचनाफलकावरची तिसरी सही

परभणी, १२ मार्च १९९४

प्रिय पंडित,

विद्यापीठातल्या नाट्यविभागाचा प्रमुख झालास, सात नाटकं लिहिलीस, म्हणून मला वाट्टेल ते बोलायला लावायचा परवाना मिळाला काय तुला? काल तुझ्या नव्या नाटकात इंग्रजीच्या बाई, म्हणजे मीच, प्राचार्यांना ठणकावतात, "नाटक होणारच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मध्यंतरात तुझी आई सरजाबाई माझा हात धरून म्हणाली, "तुमी होतात म्हनून माझं लेकरू लिहायलंय बगा, बाई."

मी हात सोडवून घेतला नाही.

अरे, अठ्ठ्याहत्तर साली कॉलेजने नामांतरावरचं तुझं पहिलं नाटक बंद पाडलं, त्या बैठकीत मी तोंडसुद्धा उघडलं नाही. दंगलीचं भय होतं, नोकरीचंही. बंदीच्या सूचनेवर तिसरी सही माझी होती. तू फलकासमोर बराच वेळ उभा होतास. मग ती वाचली असणारच ना? वाचून हे लिहिलंस? मला लाजवायला, की मी काय बोलायला हवं होतं ते दाखवायला? आणि सोळा वर्षं मनात ठेवलंस कसं? मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला शिकवलं होतं, चूक कबूल करायची तर उभं राहून, मोठ्याने. म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. रविवारी गंगाखेडच्या प्रयोगाआधी मला दोन शब्द बोलायला बोलावलं आहेस, तिथे हेच उभी राहून वाचणार आहे. आधी फक्त एवढाच निरोप धाडते: सरजाबाईंना पहिल्या रांगेत बसव.

तुझी बाई,
हेमलता रत्नपारखी